चौथीच्या पुस्तकातलं ‘आपण’

(देवनार येथे जुलै महिन्यात झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

एवढ्या पावसात आलात, छत्र्या टेकवायला जागा नाही तरी बसलात, त्याबद्दल आधी आभार. मागच्या भिंतीपाशी ओल आहे, तिकडं बसलेल्यांनी थोडं पुढं सरकलात तरी चालेल.

आजचा विषय साधा आहे. आपली प्राथमिक शाळेतली मुलं या महिन्यात वर्गात काय शिकतायत? इथं बरेच पालक आहेत. मुलाला किती मार्क पडले हे आपल्याला ठाऊक असतं, क्लासची फी कधी भरायची हेही. पण आज, या आठवड्यात, चौथीच्या परिसर अभ्यासात कोणता धडा चालू आहे? हात वर करा. तीन. त्यातल्या दोन बाई शाळेत शिकवतात, म्हणजे एकच हात. असू दे, आमचंही काही वर्षांपूर्वी असंच होतं.

आम्ही म्हणजे चार जण आहोत. त्यातले दोघे शाळेतून निवृत्त झालेले. दर महिन्याला एक पाठ्यपुस्तक घ्यायचं, एखाद्या कादंबरीचं परीक्षण करावं तसं बारकाईनं वाचायचं आणि मग त्यावर कुठंतरी बोलायचं, एवढंच आमचं काम. कथा-कवितांवर मराठीत रग्गड लिहिलं जातं. पण महाराष्ट्रातलं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं गद्य बालभारतीचं आहे आणि त्याची समीक्षा जवळजवळ कुणी करत नाही. १९६७ साली मंडळ स्थापन झालं, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्यांनी ‘चांगलं वाक्य’ कसं असतं ते याच पुस्तकांत पाहिलं.

आता कुणी म्हणेल, जून महिनाभर महाराष्ट्र प्राथमिक शिक्षणावरच भांडत होता की. होता. पहिलीपासून हिंदी हवी की नको यावरून रान पेटलं आणि २९ जून २०२५ ला सरकारनं दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. ते भांडण गरजेचं होतं, आम्हीही त्यात होतो. पण कोणत्या भाषेत शिकवायचं यावर एवढं बोलून झाल्यावर, त्या भाषेत सांगायचं काय, इथं आल्यावर सगळे घरी गेले. म्हणून आज त्याबद्दल.

जुलैमध्ये चौथीच्या परिसर अभ्यासात पाणी असतं. ‘साठवण पाण्याची’, पिण्याचं पाणी, ‘घरोघरी पाणी’ असे धडे ओळीनं येतात. बाहेर पाऊस, आत पाण्याचा धडा. ज्यांनी क्रम लावला त्यांना दाद द्यायला हवी. पुस्तक २०१४ चं आहे आणि ते वाईट नाही, हे आधीच सांगतो. भाषा सोपी आहे, वाक्यं लहान आहेत, चित्रं बघण्यासारखी आहेत. आमच्या पिढीच्या भूगोलापेक्षा ते कितीतरी बरं. आमच्या वेळी नद्यांची नावं पाठ करायची आणि उगमस्थानं जोड्या लावा मध्ये लावायची, की पाणी संपलं.

तर हे धडे वाचून आम्ही मुलांच्या वह्या बघायला मागितल्या. इथून जवळच्याच एका शाळेतल्या. शाळेचं नाव सांगायचं कारण नाही, बाईंनी विश्वासानं वह्या दिल्या होत्या. एका वहीत प्रश्न होता : तुमच्या घरी पाणी कोठून येते? खाली मुलीनं लिहिलं होतं, ‘खालच्या गल्लीतल्या खालांच्या नळावरून. पैसे देऊन.’ त्यावर लाल शाईची फुली. शेजारी बाईंच्या सुबक अक्षरात बरोबर उत्तर, ‘धरणातून’. आणि त्याखाली मुलीनं ते उत्तर पाच वेळा लिहून काढलेलं. धरणातून. धरणातून. धरणातून.

त्या फुलीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. बाईंना दोष देण्यासाठी नव्हे. बाई चांगल्या आहेत, वर्गात मुलं खच्चून भरलेली असताना वही तपासतात हेच खूप. पण दोन उत्तरांत चुकीचं कोणतं? मुलीचं उत्तर बरोबर आहे, बाईंचंही बरोबर आहे. धडा खरा सुरू होतो तो या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत. पाणी धरणातून निघालं आणि खालांच्या नळाशी पोचलं, मध्ये काय झालं? ती मुलगी त्या रांगेत कॅन घेऊन उभी राहते. नळाला पाणी किती वाजता सुटतं, मोटर कुणी लावली की कुणाचा नळ कोरडा पडतो, पाइप कुठं गटारातून गेलाय आणि पहिल्या पाच मिनिटांचं पाणी का फेकून द्यायचं, हे तिला ठाऊक आहे. पाणीपुरवठा खात्याच्या कनिष्ठ अभियंत्याला लागतं त्यातलं निम्मं ज्ञान तिच्याकडं आहे. ते सगळं एका फुलीत गेलं.

आता पाण्याचा प्रवास बघू, कारण धड्याला तो दाखवायचाच आहे : जलाशय, शुद्धीकरण केंद्र, टाकी, नळ. मुंबईचं पाणी सात तलावांतून येतं. १८६० साली विहार तलावाचं पाणी आलं, मग तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा, आणि अगदी अलीकडं मध्य वैतरणा. शंभर किलोमीटरहून दूरचं पाणी भांडुप-पांजरापूरपर्यंत येतं, तिथं शुद्ध होतं आणि तिथून आपल्या बाजूला ट्रॉम्बेच्या टेकडीवरच्या टाक्यांत चढतं. जगातल्या मोठ्या शहरांनी बघायला यावं अशी ही व्यवस्था आहे, आणि ती मुलांना अभिमानानं सांगायलाच हवी.

मात्र टाकीतून खाली उतरताना ते वाटलं जातं. वाटणी म्हटली की गणित आलं. महापालिकेच्या नियोजनात वर्षानुवर्षं इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर असा हिशेब चालत आला. पंचेचाळीस त्रिक एकशे पस्तीस. चौथीच्या मुलाला येणारा गुणाकार आहे. बाकी शून्य, अगदी चोख. एवढा सुटसुटीत आकडा पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याला स्वतःहून बनवूनही मिळाला नसता. पण चौथीच्या कोणत्याही पुस्तकात हे उदाहरण नाही. तिथं रमेशकडं २७ आंबे असतात आणि ते तो तीन मित्रांना सारखे वाटतो.

सारखे वाटतो!

आणखी एक योग सांगतो. ‘घरोघरी पाणी’ हा धडा असलेलं पुस्तक मुलांच्या हातात पडलं २०१४ साली. मध्य वैतरणाचं पाणीही त्याच सुमारास मुंबईला मिळू लागलं. आणि त्याच वर्षी, १५ डिसेंबर २०१४ ला, मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की झोपडी अनधिकृत असली तरी तिथं राहणाऱ्या माणसाचा पाण्याचा हक्क जात नाही, तो संविधानाच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कातून येतो. त्यासाठी पाणी हक्क समितीला कोर्टात जावं लागलं. महापालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण यायला पुढं २०२२ उजाडलं. म्हणजे धड्याचं शीर्षक आठ वर्षं आधीच पूर्ण झालेल्या कामासारखं छापलेलं होतं. घरोघरी! कोणत्या घरी?

हा प्रश्न फक्त देवनारचा आहे असंही समजू नका. हेच पुस्तक शहापूर तालुक्यातली मुलं वाचतात. तानसा, भातसा, मोडकसागर ही जलाशयं त्यांच्या उशाला. आणि उन्हाळ्यात त्यांच्या पाड्यांवर टँकर येतो. पाइपाच्या या टोकाला आपली कॅनवाली मुलगी, त्या टोकाला हंडेवाली. मध्ये ज्यांच्या बाथरूममध्ये शॉवर आहे ती मुलं. तिघीही एकाच प्रश्नाचं एकच उत्तर लिहितात.

इथं आम्ही आजच्या मुख्य मुद्द्याकडं येतो. तो व्याकरणाचा आहे, कंटाळू नका.

त्याच शाळेत त्याच आठवड्यात मराठीच्या तासाला सर्वनाम चालू होतं. मी, तू, तो, आपण, आम्ही. आता मराठीकडं एक चीज आहे जी पुष्कळ भाषांकडं नाही. हिंदीवाल्यांचं दोन्हीकडं ‘हम’ चालतं, इंग्रजीचंही एकाच शब्दावर भागतं. आपल्याकडं दोन शब्द आहेत. ‘आपण जाऊ’ म्हटलं की ऐकणाराही त्यात आला. ‘आम्ही जाऊ’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहिला. तीन वर्षांच्या पोरालाही हे कळतं. ‘आम्ही जत्रेला चाललो’ असं आई म्हणाली की ते भोकाड पसरतं, ‘आपण’ म्हटलं की चप्पल शोधायला लागतं.

पाठ्यपुस्तकाची भाषा सगळी ‘आपण’ची आहे. आपण पाणी जपून वापरावं, आपण परिसर स्वच्छ ठेवावा, असा सूर. हेतू चांगला आहे, मुलाला जवळ घ्यायचा. पण ‘आपण’मध्ये सगळे एका रांगेत उभे राहतात. १३५ लिटरवाला आणि ४५ लिटरवाली, दोघांनाही सांगितलं जातं, नळ बंद करा. जिच्या घरी नळच नाही तिनं काय बंद करायचं? तिनं धडा ऐकताना मनातल्या मनात दुसरं कुणीतरी व्हायचं, नळ असलेलं. फुली टाळायची असेल तर तेच करावं लागतं. आणि मुलं हुशार असतात, ती पटकन शिकतात. वह्यांमध्ये पुढं पुढं आम्हाला खालांचा नळ कुठंच दिसला नाही.

याच पुस्तकात शेवटाकडं एक धडा आहे, त्याचं शीर्षकच ‘आपण परिसर धोक्यात आणत आहोत का?’ तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येईल, परीक्षेच्या तोंडावर, घाईत. पण देवनारमध्ये बसून त्याच्याबद्दल आज बोललं नाही तर आमचं इथं येणं फुकट आहे. शीर्षक प्रश्नार्थक आहे, हे आम्हाला आवडलं. पाठ्यपुस्तकानं मुलाला खराखुरा प्रश्न विचारावा असं फार कमी वेळा होतं. फक्त प्रश्नातला पहिला शब्द बघा.

इथलं डम्पिंग १९२७ पासूनचं. त्याच्याही आधीपासून मुंबईचा कचरा रेल्वेच्या वाघिणींतून चेंबूरच्या दलदलीकडं येत होता, जुनी माणसं अजून ‘कचरापट्टी’ म्हणतात. सुमारे १३२ हेक्टरांवर शहरानं आपला कचरा आणून टाकला, त्याचे डोंगर झाले. आता बहुतेक गाड्या कांजुरमार्गला जातात, पण डोंगर इथंच आहे. तो उपसायला महापालिकेनं २०२५ मध्ये निविदा काढली, त्यातला आकडा १ कोटी ८५ लाख टनांचा आहे. चौथीच्या गणितात मुलं पाच अंकी संख्यांपर्यंत येतात. त्यांच्या खिडकीतून दिसणारा डोंगर आठ अंकी आहे.

जानेवारी २०१६ च्या शेवटी हा डोंगर पेटला. धूर इतका की उपग्रहाच्या चित्रात दिसला. महापालिकेच्या इथल्या शाळा दोन दिवस बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये पुन्हा आग. आज चौथीत बसलेली बरीच मुलं त्या सुमारास जन्मलेली आहेत. आता त्यांना विचारायचं, ‘आपण परिसर धोक्यात आणत आहोत का?’ कचरा ज्यांनी केला ते शहरभर पसरलेले. तो वेचून, प्लास्टिक, पत्रा, काच वेगळी करून जे त्याचं ओझं थोडं कमी करतात, त्यांची ही मुलं. ‘आपण’ म्हटलं की दोघांची जबाबदारी सारखी. रमेशच्या आंब्यांसारखी.

कचऱ्यावरच्या धड्यांचं सगळीकडं असंच असतं. ओला कचरा, सुका कचरा, हिरवा डबा, निळा डबा, आणि कचरा डब्यात पडला की गोष्ट संपते. देवनारमध्ये गोष्ट तिथून सुरू होते.

यावर एक आक्षेप आम्हाला नेहमी ऐकायला मिळतो. एक पुस्तक साऱ्या राज्याला लागतं, गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत. त्यात प्रत्येक वस्ती कशी येणार? बरोबर आहे, येणार नाही. तिसरीला जिल्ह्यानुसार वेगळी पुस्तकं काढून मंडळानं प्रयत्नही केला. आमचं म्हणणं वस्ती छापा असं नाहीच. उत्तर रिकामं ठेवा, एवढंच. ‘तुमच्या घरी पाणी कोठून येते’ हा उत्तम प्रश्न आहे, जोवर त्याची उत्तरसूची नाही तोवर. आणि जोवर पुढचा प्रश्न येतो तोवर : तुमच्या शेजारच्याच्या घरी कोठून येते? सारखंच येतं का? का नाही?

असं कुणी केलंच नाही असं नाही. दिल्लीच्या ‘एनसीईआरटी’ची २००५ च्या आराखड्यावर बेतलेली जुनी परिसर अभ्यासाची पुस्तकं आठवा. पाचवीच्या पुस्तकात एक अख्खा धडा घाण साफ करण्याच्या कामावर होता. हे काम कोण करतं, त्यांनीच का, असं तो विचारत होता, आणि जातीचा विषय टाळत नव्हता. दहा वर्षांच्या मुलांना झेपला तो. पुस्तकं बदलली, आता तो मागं पडला. आणि आपल्याकडं फार आधी अनुताई वाघांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात गेली. तिथं पोराला आधी गुराखी नसल्याचं सोंग घ्यावं लागलं नाही.

आमचा स्वतःचा एक संशयही सांगतो, नाहीतर आम्ही फार शहाणे ठरू. मुलाचा परिसर वर्गात आणा, हे म्हणायला सोपं आहे. पण देवनार म्हटलं की बाहेरच्याला दोनच गोष्टी आठवतात, कत्तलखाना आणि डम्पिंग. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम पूर्व विभाग सर्वांत खाली होता. टाटा सामाजिक विज्ञान संस्था याच देवनारमध्ये आहे, तिनं २०११ नंतर इथं मोठं सर्वेक्षण केलं. चांगलं काम आहे ते. तरी एकूण हिशेब असा की इथली मुलं सतत कुणाच्या ना कुणाच्या परिसर अभ्यासाचा विषय होतात. वर्गातही बाईंनी ‘सांग बघू तू डम्पिंगजवळ राहतोस ना’ म्हणून एकाला उभं केलं, तर तो फुलीपेक्षा मोठा अपमान आहे. म्हणून मुलाला सांगायला लावू नका. त्याला विचारायला लावा, मोजायला लावा. आपल्या गल्लीत पाणी किती वाजता येतं, किती कॅन भरतात, हे सगळ्या वर्गानं आठवडाभर लिहावं. इमारतीतल्यानंही, गल्लीतल्यानंही. मग कुणी एकटा उभा राहत नाही, आकडे उभे राहतात.

एक जागा पुस्तकात आपोआप झाली होती, तीही गेली. २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांचे चार भाग केले आणि प्रत्येक धड्यामागं कोरी पानं घातली, मुलांनी स्वतःच्या नोंदी कराव्यात म्हणून. आम्ही पाहिलेल्या बहुतेक पानांवर प्रश्नोत्तरंच उतरवलेली होती. २०२५-२६ पासून ती पानं बंद झाली. दप्तराचं ओझं, खर्च, कारणं असतील. पण ‘तुझं काय ते लिही’ असं पुस्तकानं म्हटल्याची तेवढीच एक खूण होती, आणि ती वापरायची कशी हे आपण मुलांना सांगितलंच नाही. इथं मात्र ‘आपण’ बरोबर आहे. चौथीची नवी पुस्तकं येणार असं सांगतात. येतील तेव्हा आम्ही आधी प्रश्न वाचू, धडे नंतर.

प्रश्न घेऊ या. हो ताई, बोला.

(एक पालक : माझ्या मुलानं डम्पिंग आणि कॅन का शिकायचं? ते तर तो रोज बघतोय. त्याला इथून बाहेर पडायचंय, मी त्याच्यासाठीच शाळेत पाठवते.)

ताई, हा प्रश्न आमच्या सगळ्या बोलण्यापेक्षा अवघड आहे. तुमचं म्हणणं खरं आहे. त्याला वैतरणा, भातसा, भांडुप, सगळं आलंच पाहिजे, आणि बाकीच्यांच्या तोडीस तोड आलं पाहिजे. त्याला कॅनचा धडा आणि इमारतीतल्याला धरणाचा, असं झालं तर ती दुसरी फसवणूक. आम्ही एवढंच म्हणतो की धरण शिकण्यासाठी त्याला कॅन खोटा म्हणावा लागू नये. तुम्ही मान हलवताय, पूर्ण पटलेलं दिसत नाही. राहू दे, आम्हालाही यावर अजून विचार करावा लागेल.

बाई, तुम्ही.

(एक शिक्षिका : सगळं पटतं, पण पोर्शन संपवायचा असतो. वरून चाचण्या येतात, त्यांची उत्तरसूची ठरलेली असते. आम्ही बरोबर-चूक कुठं ठरवतो?)

चाचण्यांचा जाच आम्हाला मान्य आहे. पण बाई, राज्याची ती नियतकालिक चाचणी चौथीला कशाची असते? भाषा, गणित आणि इंग्रजी. परिसर अभ्यास त्यात नाही. त्यामुळं होतं काय, चाचणी जवळ आली की परिसर अभ्यासाचाच तास गणिताला जातो. हसताय, म्हणजे जातो. पण त्याच कारणानं या एका विषयाची उत्तरसूची वरून येत नाही. पेपर शाळेत निघतो, बहुतेक ठिकाणी वर्गशिक्षिकाच काढते, तीच तपासते. ती लाल फुली पुण्याहून आली नव्हती, बाई.

त्या वहीतला धडा अजून संपलेला नाही. सोमवारी तो तास आहे, आणि त्या बाईंनी आम्हाला मागं बसायला बोलावलंय.